झाकल्या झाडाचा उजेड

१

कापड जमिनीवर पडलं होतं. ज्या झाडावर ते घातलं होतं, ते झाड जागेवर नव्हतं.

हे झाड मातीतलं नव्हे. घडणीतून काढलेलं, पुरुषभर उंचीचं, पानापानात उजेड धरणारं झाड. इस्पितळातल्या मुलांच्या खोलीसाठी ते घडवलं होतं आणि आज दिवेलागणीला तिथे उभं राहायचं होतं. काल संध्याकाळपर्यंत ते कारखान्याच्या मागच्या खोलीत होतं. आज सकाळी कारागिराच्या बायकोने, धाकटीने, कुलूप उघडलं तर आत घडणी, तेजाच्या बरण्यांची मांडणी, वाया गेलेल्या तुकड्यांच्या खरडीचं पिंप आणि हे कापड, एवढंच. झाडाला पाय फुटले म्हणावं, तर खिडकीला गज. आणि गजही असे, की मांजराने आधी दोनदा विचार करावा.

कारागिरांच्या मंडळाचा तपासनीस आला आणि आल्या आल्या खोलीत येरझारा घालू लागला. गावभर त्याला भुंगा म्हणत. एका जागी बसणं त्याच्या कुंडलीतच नव्हतं, आणि विचार करताना तो कुठल्यातरी कथेकऱ्याची चाल नाकातल्या नाकात गुणगुणत असे. आज मात्र चालही धड लागत नव्हती. खांद्यावरच्या पिशवीतली हातोडी त्याला टोचत होती.

मंडळाचा नियम जुना आणि कोरडा होता. मोठ्या कामाची वस्तू कुलपाआडून नाहीशी झाली, तर ती पोचवायच्या वेळेपर्यंत शोधायची. नाही सापडली, तर किल्ली ज्याच्याकडे, त्याची मोहर फोडायची. तांब्याची ती मोहर गळ्यात नसेल, तर माणसाला जन्मात पुन्हा घडणीला हात लावता येत नसे. किल्ली धाकटीच्या कमरेला होती.

"हातोडी आणलीत ना?" धाकटीने दारातूनच विचारलं.

"आणलीय."

"मग आधी चहा घ्या. उपाशीपोटी नेम चुकतो म्हणतात."

ती हसली आणि कपबशी पुढे केली. भुंग्याने उभ्याउभ्याच चहा घेतला आणि घडणीवर हात ठेवला. तांब्याचं मोठं पोट, खाली पायाने मारायचं चाक, वर निमुळतं तोंड. पोटात तेज ओतायचं, चाक मारायचं, तोंडात फुंकर घालायची; मग बाहेर येणारा मऊ गोळा हाताने घडवायचा. कच्चं तेज पाण्यासारखं, बिनरंगाचं आणि बिनउजेडाचं. घडणीचं पोट अजून कोमट होतं.

भुंगा वाकला. चाकाचा पट्टा तिढा देऊन चढवला होता.

"हा पट्टा असा कुणी लावला?"

धाकटीचा चेहरा उतरला. "असा पट्टा एकाच कामाला लावतात, काका. चाक उलटं फिरवायला. घडलेली वस्तू परत तेज करायला."

झाड खोलीबाहेर गेलंच नव्हतं. ते घडणीच्या पोटात गेलं होतं.

२

"मी कुणावर आळ घेत नाही," थोरली म्हणाली, "पण किल्ली कुणाकडे होती हे सांगायला मला कुणाची भीती?"

थोरली पुढच्या दुकानात बसे. नवरा गेल्यापासून दुकान आणि घर दोन्ही तिच्याच जिभेवर चालत होतं. कारागीर तिचा दीर, धाकटी तिची जाऊ. फडताळात घडणीची फुलं, मोर, कमळं हारीने मांडलेली, आणि सगळी मंद, राखाडी. घडणीच्या वस्तूचा स्वभावच तसा. ती ज्याच्यासाठी घडवली, त्याच्या समोर आली तरच उजळते. म्हणून गिऱ्हाईक इथे घडणीशेजारी बसून वस्तू करून घेई. फडताळातला माल नुसता नमुन्याला.

"काल तुम्ही मागच्या खोलीत गेला होता?"

"दुपारी. दिव्यात नवी वात घातली, पिंपातली खरड काढून टाकली. मीच करते सगळं, आणि नाव मात्र धाकटीच्या हाताचं! आज सकाळी तेच पिंप सरकवायला गेले तर हलेना. कंबर धरली माझी."

"पेठेतल्या सराफांनी झाड मागितलं होतं म्हणे?"

थोरलीने मान वळवली. "मागितलं होतं. पोरांच्या तोंडचं काढून त्याच्या दिवाणखान्यात ठेवायचं? मी त्याला दार दाखवलं." मग आवाज उतरवून ती म्हणाली, "आणखी एक. तुम्ही घर पिंजून काढा, पण माडीवर जाऊ नका. आमच्या आत्याबाई आहेत. माझ्या नवऱ्याला नि दिराला त्यांनीच वाढवलं, घडणीही त्यांनीच शिकवली. आता डोळे पार गेले. जिना उतरवत नाही. आज तर अंथरुणातून उठल्याच नाहीत. त्यांना यातलं अक्षर कळू दिलेलं नाही. कळलं तर जीवच जायचा."

"काल संध्याकाळी कुठे होत्या?"

"माडीवरच. रात्रीचं जेवत नाहीत, मग दुसरीकडे जाणार कुठे?" थोरलीने पाटी पुसली. "तरी एक सांगते साहेब. ती पोर फटकळ आहे, पण चोर नाही. मी रागावते ती गोष्ट वेगळी. तुमची ती हातोडी तिच्यावर उचलाल, तर आधी माझ्याशी गाठ."

भुंगा गुणगुणत बाहेर पडला. भांडणाऱ्या जावेनेच जावेची बाजू घेतली म्हणजे कोडं सुटलं नव्हतं. उलट एक सोपं उत्तर हातचं गेलं होतं.

३

कारागीर अंगणात नळाखाली हात धूत होता. हात केव्हाच स्वच्छ झाले होते, तरी धूतच होता.

"झाकल्यावर मी लगेच इस्पितळात गेलो," तो म्हणाला. "कोपरा मोजायला. परिचारिकांना विचारा, कुलूप लागायच्या आधीपासून जेवणवेळ टळेपर्यंत तिथेच होतो. एका पोराने सोडलंच नाही. परवासारखंच, झाडावर पक्षी असतील का, म्हणत होतं."

"असणार होते?"

"नाही. परवाच घरी सगळ्यांना सांगून हसलो होतो मी. म्हटलं, यांना झाड नको, पक्षीच हवेत. मूठभर, हातात मावणारे."

"झाड घडवताना मनात कोण होतं?"

"पोरं. आणखी कोण?" कारागीर पटकन म्हणाला आणि पुन्हा हात धुऊ लागला.

भुंग्याला ते उत्तर आवडलं नाही. खरं उत्तर असं धावत येत नाही. ते चपला शोधून मग निघतं. पण हा माणूस काल इथे नव्हता, हेही खरंच.

ऊन कलायला लागलं होतं. भुंगा मागचा रस्ता ओलांडून तिथल्या शिंप्याकडे गेला. शिंप्याचं यंत्र खिडकीशी, आणि त्या खिडकीसमोर मागच्या खोलीची खिडकी.

"काल संध्याकाळी काही पाहिलंत?"

"पाहिलं नाही तर काय!" शिंप्याने तोंडातली टाचणी काढली. "काय झाड घडवलंय हो त्या पोराने! कापडाखालून उजेड असा गळत होता, की मी सुईत दोरा त्या उजेडात ओवला. मग कुणीतरी कापड ओढलं आणि खिडकी नुसती धुऊन निघाली. कोण होतं ते दिसलं नाही, उजेडच तेवढा! थोड्या वेळाने हळूहळू विझलं. मग सगळा अंधार."

"मग दिवा लागला असेल."

"छे. त्या खोलीत मग दिवा नाहीच. चाकाची कुरकुर मात्र ऐकू येत होती, बराच वेळ. मला वाटलं, उंदीर."

भुंगा रस्त्याच्या मधोमध थांबला. मागून हातगाडीवाला ओरडला, "अहो, घर नाही का तुम्हाला?" त्याला ते ऐकूच गेलं नाही.

झाड मुलांसाठी घडवलं होतं. मुलं इस्पितळात होती. मग झाड या खोलीत उजळलं कुणासमोर?

४

"कुलूप लावताना काय केलंस, तसंच कर," भुंगा म्हणाला.

धाकटीने कापड उचलून एका स्टुलावर घातलं, झाड समजून. मग पाठ फिरवली, सरळ दाराबाहेर गेली आणि दार ओढलं. खट् करून कुलूप आपोआप बसलं.

भुंगा आतच राहिला होता.

त्याने आतून कडी दाबली. दार उघडलं. बाहेर धाकटी तोंडावर हात ठेवून उभी होती.

"वळून बघितलं का नाहीस, बाळ?"

"बघत नाहीत, काका. मोठं काम झाकून मुरल्यावरच उजळतं, आणि ताजं काम झाकलं की वळून बघायचं नाही. वस्तू बुजते, मग तिचा आकार बसत नाही, असं आत्याबाई सांगतात. आम्ही सगळेच तसेच बाहेर पडतो."

"म्हणजे खोलीत कोणी असतं, तरी तुला कळलं नसतं."

"नसतं." ती भिंतीला टेकली. "पण असणार कोण? जाऊबाई दुकानात गिऱ्हाइकाशी वाद घालत होत्या, मला इथवर ऐकू येत होतं. हे इस्पितळात. मी चुलीशी गेले, तर जाऊबाई तिथे मीठ कमी म्हणायला हजर! जेवणं होईपर्यंत आम्ही एकमेकींच्या नजरेसमोर होतो. आणि आत्याबाई माडीवर."

आपण दिवसभर चुकीचा प्रश्न विचारत होतो, हे भुंग्याला उमगलं. आत कोण शिरलं हे शोधायचंच नव्हतं. आत राहिलं कोण, हे शोधायचं होतं. त्याने कोनाड्यातला दिवा उचलून वात बघितली. पांढरीशुभ्र. ज्योत लागलीच नव्हती.

झाड विझल्यावर या खोलीत मिट्ट अंधार झाला होता, आणि तरीही चाक चालत राहिलं होतं. दिव्यावाचून घडणीवर काम करणारं माणूस कोणतं?

ज्याला दिवा असून नसून सारखाच.

धाकटीच्याही ते लक्षात आलं असावं. "काका," ती घाईने म्हणाली, "मोहर माझीच फोडा. माडीवर नका जाऊ."

५

पण भुंगा आधी पिंपाकडे गेला. त्याने थोरलीला आणि कारागिराला हाक मारली. तिघंही दाराशी गोळा झाली.

"वहिनी, हे पिंप काल तुम्ही रिकामं केलंत. आज ते हलेना. रात्रीतून खरड येते कुठून? वस्तू परत घडणीत घातली तरी तेज तेवढंच राहतं. ते उडून जात नाही. बरण्यांवरची लाख शाबूत आहे, म्हणजे ते बरण्यांत भरलं गेलं नाही. मग गेलं कुठे?"

"त्यात नुसती ढेकळं आहेत हो," थोरली म्हणाली. "सकाळी मी पाहिलं की."

"पाहिलंत, तिथेच फसलात. मीही फसलो. डोळे मिटा सगळ्यांनी आणि हात घाला."

थोरली कुरकुरत वाकली. तिने हात घातला. "अगं बाई... चोच आहे!"

"पंख," धाकटी म्हणाली.

डोळ्यांना ढेकूळ दिसणारा गोळा बोटांना पक्षी लागत होता; मान वळवून पिसांत चोच खुपसलेला, मुठीत मावणारा. असे पक्षी पिंपभर. रंग नाही, चकाकी नाही, कारण ते ज्यांच्यासाठी घडवले होते ती मुलं या खोलीत नव्हती. डोळ्यांनी घडवलेली वस्तू डोळ्यांना आधी दिसते. हे पक्षी बोटांनी घडवले होते.

"हे झाड," भुंगा म्हणाला. "अजून याच खोलीत आहे."

कारागीर पिंपाशी खाली बसला.

"तुम्ही परवा घरी पक्ष्यांची गोष्ट सांगितलीत म्हणालात," भुंगा त्याच्याजवळ उकिडवा बसला. सबंध दिवसात तो पहिल्यांदाच बसला होता. "ती ऐकणाऱ्यांत माडीवरचं माणूसही होतं. आता मला सांगा दादा, खरं सांगा. झाड घडवताना मनात कोण होतं?"

कारागिराने पिंपातला एक पक्षी हातात घेतला. "पोरंच होती... सुरुवातीला. मग वाटलं, मी एवढं सुंदर घडवतोय आणि जिने मला फुंकर घालायला शिकवलं, तिला हे कधी दिसणार नाही. एकदा ती मनात आली ती गेलीच नाही. पान काढायला बसलो की तीच. मला वाटलं, चालून जाईल."

"झाड तिच्यासमोर उजळलं. मुलांसमोर ते काळं ठिक्कर राहिलं असतं. सगळ्या गावासमोर."

थोरलीने पदर डोळ्यांना लावला आणि लगेच रागाने काढला. "पण सून चोर ठरतेय हे कळूनही आत्याबाई गप्प कशा बसल्या?"

"कळू दिलंत का तुम्ही?" भुंगा म्हणाला.

वर जिन्याचं लाकूड करकरलं. भिंतीला हात घासत कुणीतरी एकेक पायरी उतरत होतं.

६

"चहा आणून दिलात तो मांजराच्या पावलांनी," आत्याबाई शेवटच्या पायरीवर टेकत म्हणाल्या. "मला वाटलं, पक्षी पाहून सगळे खूश आहेत, म्हातारीला झोपू द्यावं म्हणून गप्प आहेत. अंगात त्राणच नव्हतं उठायचं. हे काय ऐकतेय मी? हिची मोहर?"

"आत्याबाई, तुम्ही जिना उतरता?" थोरली ओरडली.

"रोज दुपारी. तू दुकानात घोरतेस तेव्हा. बरण्यांच्या मागे ऊबदार असतं. बसते, चाकाची कुरकुर ऐकते. काल तिथेच डोळा लागला. जाग आली ती..." त्या थांबल्या. "उजेडाने आली."

कारागीर उठून त्यांच्याजवळ आला.

"आधी वाटलं, मेले. स्वर्गात आले. मग कापड ओढलं, तर झाड! आणि माझ्या पुढे माझेच हात. एवढे सुरकुतलेत, कुणी सांगितलंच नाही मला. पान न् पान पाहिलं मी त्याचं. देठसुद्धा. पोटभर पाहिलं." त्यांनी कारागिराचा चेहरा चाचपला. "मग म्हटलं, वेड्या, हे तू काय करून बसलास! तिकडे पोरं वाट बघतायत. पट्टा उलटा चढवला आणि डहाळी डहाळी आत घातली. ज्याचं त्याला गेलेलं बरं."

"आत्या, इतकं दिसत होतं आणि तुझ्या हाताने..." कारागीर म्हणाला.

"दिसत होतं म्हणून तर नीट मोडता आलं," आत्याबाई म्हणाल्या. मग त्यांनी हात हवेत फिरवला. "धाकटे, कुठे आहेस? माझ्यापायी तुझ्यावर बालंट आलं, पोरी. चूक झाली माझी. निदान सांगून तरी झोपायला हवं होतं."

"मला वाटलं, काकांनी वर जाऊ नये एवढंच," धाकटी म्हणाली.

कारागिराने गळ्यातली मोहर काढून भुंग्यापुढे धरली. "चूक माझी आहे. हीच फोडा."

भुंग्याने पिशवीत हात घातला, हातोडी चाचपली आणि हात रिकामाच बाहेर काढला. "मंडळाचा नियम वस्तूपुरता. वस्तू सापडली, वेळेत पोचतेय. मनात कोण आलं याची विचारपूस करणारा वर बसलाय. त्याच्या कामात मी लुडबुड करत नाही. उचला ते पिंप. दिवे लागायची वेळ झाली."

इस्पितळाच्या पायऱ्यांवर थोरली पिंपाला एका बाजूने धरून, कंबरेच्या नावाने बोटं मोडत चढत होती. भुंगा दोन पायऱ्या पुढे जाऊन पुन्हा मागे येत होता. म्हातारीच्या फुंकरीत तेवढं बळ होतं का? अंधारात, थकलेल्या जिवाने, ज्या मुलांना कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी? दार उघडलं. पिंपात राखाडी ढेकळंच होती. पहिल्या खाटेवरचा मुलगा कोपरावर उठून बसला आणि पिंपाच्या तळातून काहीतरी सोनेरी हललं. मग दुसरं. मग सगळं पिंपच पहाटेसारखं उजाडलं, आणि थोरली ओरडली, "धरा, धरा, माझा पदर पेटला!" पदर पेटला नव्हता. मुलांना मात्र त्या दिवशी झोपवता झोपवता परिचारिकांच्या नाकी नऊ आले.

परतताना भुंग्याला वाटलं, आता तरी पाय शांत होतील. झाले नाहीत. कारखान्याच्या दाराशी तो गर्रकन वळला.

"दादा, एक विचारू? इतक्या वर्षांत आत्याबाईंसाठी म्हणून तुम्ही उघडपणे काही का घडवलं नाहीत?"

कारागीर गोंधळला. "उजेडाची वस्तू? डोळे नसलेल्या माणसाला? कुणी करतं का असं?"

"तेच तर. कुणीच केलं नाही. म्हणून तो उजेड त्यांना दिसतो, हे आजवर कुणाला कळलं नाही."

कारागीर एकदम मागच्या खोलीत शिरला. पट्टा सुलटा केला. आत्याबाईंना घडणीशेजारी बसवलं, गिऱ्हाईक बसतं तिथे. त्यांनी नको नको म्हटलं; थोरलीने त्यांना खांदा धरून खाली दाबलं. चाक फिरलं, फुंकर पडली आणि कारागिराच्या ओंजळीत एक साधी पणती तयार झाली. तिच्यावर ना पानं, ना फुलं. एवढीशी वस्तू लगेच उजळते, तरी खरं म्हणजे ती मुरवावी लागते. पण झाकायला कुणालाच धीर नव्हता.

पणती उजळली. आत्याबाईंनी डोळे मिचकावले. त्यांची नजर भावाच्या मुलावरून सरकली, थोरलीवर क्षणभर अडली आणि पुढे गेली, कुणाला तरी शोधत. धाकटी या घरात आली तेव्हा त्यांचे डोळे जाऊन बराच काळ लोटला होता. तिचं तोंड त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

"ही?" त्या म्हणाल्या. "आवाजावरून मला वाटायचं, चांगली ताडमाड असशील. ही तर एवढीशी!"

धाकटीचे गाल ओले होते. तिने गळ्यातली मोहर सावरली आणि कंबरेवर हात ठेवले.

"उंची कमी पडली म्हणून आता परत पाठवता की काय, आत्याबाई?"

"थांब गं," आत्याबाई म्हणाल्या, "आधी बघू तर दे." आणि पणती उचलून त्या तिच्या जवळ, आणखी जवळ गेल्या.